समोरचा माणूस

सन्मती चपला न काढताच आत आला, तेव्हा मी बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होते.

"चपला," मी म्हटलं.

तो दारापर्यंत परत गेला, चपला काढल्या, मोरीत हात धुतले आणि माझ्यासमोर फरशीवर मांडी ठोकून बसला. खाली सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याचा, बॉयलर होता, त्यामुळे आमची फरशी बारा महिने कोमट असायची. इचलकरंजीत आम्हाला परवडणाऱ्या भाड्यात दोन खोल्या मिळाल्या त्या अशा. बाळंतिणीला बरी, असं माझा नवरा अभय हसत म्हणायचा.

"आक्का, बाजार बघितलास?"

"माझा बाजार हा इथं पायांवर पडलाय."

"आज पडला बघ. पडला म्हणजे काय, जिन्यावरनं घागर सुटावी तसा गडगडत गेला. आणि माझ्याकडं पुट आहेत."

माझा हात बाळाच्या छातीवर थांबला. दुसऱ्या कुणाला हे समजावून सांगावं लागलं असतं, मला नाही. सातवा महिना लागेपर्यंत मी इथल्याच एका शेअर दलालाच्या ऑफिसात काम करत होते. पुट म्हणजे एक वचन असतं. बाजार एका ठरलेल्या पातळीच्या खाली गेला तर जितका खाली जाईल तितकी भरपाई मी देईन, असं कुणीतरी तुम्हाला लिहून देतं आणि त्याबद्दल आधी थोडे पैसे घेतं. बाजार पडला नाही तर ते थोडे पैसे त्याचे. पडला तर तुमची चांदी.

"कुणाकडून घेतलेस?"

सन्मती बाळाच्या तळव्याला बोट लावत बसला.

"सन्मती."

"भूपालमामाकडं."

भूपालमामा मगदूम आमचे सख्खे मामा नव्हते. अर्ध्या गावाचे ते मामा होते. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, मागच्या गल्लीत त्यांचं सुताचं दुकान होतं, पण सुताच्या गाठोड्यांवर धूळ असायची आणि मामांच्या दोन्ही कानांना दोन फोन. शेअर बाजारात न जाता, नुसत्या शब्दावर, तिथल्याच भावाने ते लोकांचे सौदे लावून द्यायचे. याला सगळे डब्बा म्हणतात आणि हे बेकायदा आहे हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

"तुला मी किती वेळा सांगितलं होतं?"

"तुमच्या ऑफिसात खातं काढायला गेलो तर ढीगभर कागद मागितले. मामा चहा पाजतो."

"चहाच पाजतील. तुझे पैसे देणार कोण?"

"मामा."

"मामांच्या खिशातले? ते तुझं म्हणणं दुसऱ्याला सांगतात आणि दुसऱ्याचं तुला. पैसे समोरच्या माणसाने द्यायचे. तो बुडाला की तू बुडालास."

"तुमच्याकडं पण समोर कोणतरी असतोच की."

"असतो, पण त्याचा आणि तुझा संबंध ठेवत नाहीत. सौदा झाला रे झाला की क्लिअरिंगवाले दोघांच्या मध्ये येऊन उभे राहतात. तुला विकणारे तेच आणि त्याच्याकडून घेणारेही तेच. तो कोण, कुठला, त्याच्याकडे आहे की नाही, तुला बघायलाच लागत नाही. ते बघतात. विकणाऱ्याकडून आधी अनामत घेतात. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा तोटा कापून घेतात. अनामत कमी पडली की माझ्यासारखी कोणीतरी सकाळी फोन करते..."

"आणि शिव्या खाते."

"शिव्या खाते. तरी नाही भरली तर सौदा तोडून टाकते. माणूस कमरेइतक्या पाण्यात असतानाच त्याला ओढून बाहेर काढतात, त्याला आवडो न आवडो. त्यातूनही कोणी बुडालाच, तर सगळ्या दलालांनी मिळून आधीच साठवलेला फंड असतो, त्यातून भरतात. समोरच्याचं घर जळालं तरी तुझे पैसे तुला मिळतात."

"म्हणजे खाष्ट सासूच की ती. सारखं तिजोरीला कान लावून बसलेली."

"असू दे खाष्ट."

तो हसला, मग हसणं आवरून म्हणाला, "आक्का, हे पैसे माझ्यासाठी नाहीत. फ्लॅट बघून ठेवलाय, पंचगंगेकडच्या अंगाला. तुझ्या नावावर घ्यायचा."

आमचे वडील, अण्णा, गेल्यावर त्यांच्या घरावरचा हक्क सोडल्याची सही मी दिली होती. आमच्यात बहिणी देतात. मला त्याचं काही वाटलं नव्हतं, पण सन्मतीला वाटलं होतं. आई नाही, वहिनी अजून आलेली नाही, म्हणून माझं पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी झालं नाही. ते तो मनात धरून बसला होता.

"दाजींना आत्ताच काही बोलू नको," तो उठत म्हणाला. "मामाचं नाव काढलंस तर ते चिडतील."

जिन्यातच त्याला अभय भेटला. अभय यंत्रमागांच्या एका शेडात जॉबर होता, माग बिघडले की दुरुस्त करायचा. जेवायला घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांत कापसाची तूस असायची.

"दाजी, बाजारात हात मारलाय," सन्मतीचा आवाज आला. "बारशाला पाळणा माझ्याकडनं. चांदीच्या घुंगरांचा."

"चांगलं झालं," अभय म्हणाला. "कुणाचं तरी झालं."

त्या दिवशी तो जेवला नाही. शेडात वडापाव खाल्ला म्हणाला. बाळाला खांद्यावर टाकून खिडकीपाशी उभा राहिला आणि जाताना माझ्या हातात परत देताना म्हणाला, "किती हलकी आहे गं ही." महिन्याच्या पोरीचं वजन भरत चाललं होतं. मला तेवढंच खटकलं. मी म्हटलं, "तुमचे हात थकलेत, अहो. जादा काम थोडं कमी करा." गेलं वर्षभर तो दर आठवड्याला जादा कामाचे म्हणून वेगळे पैसे माझ्या हातात ठेवायचा. माझा डिंक, खारीक, दवाखाना, सगळं त्यावर निघालं होतं.

"करतो," तो म्हणाला.

बाळाचा सव्वा महिना झाला त्या रविवारी मी पहिल्यांदा घराबाहेर पडले. बस्तीत दर्शन घेतलं. अभय येणार होता, पण ऐनवेळी शेडातून निरोप आला म्हणाला, म्हणून सन्मती रिक्षा घेऊन आला. बस्तीतून निघाल्यावर रिक्षा मागच्या गल्लीत वळली.

"मामाकडं दोन मिनिटं," सन्मती म्हणाला. "तीन दिवस झाले, उद्या-उद्या करतोय. तुझ्यासमोर खोटं बोलणार नाही."

मामा गादीवर बसले होते. मला बघून ते अर्धवट उठले. फोन उपडे ठेवले, आतून पाणी मागवलं, बाळाच्या मुठीत शंभराची नोट घातली. तिने ती घट्ट धरली.

"कुणावर गेलीय?"

"बापावर," सन्मती म्हणाला. "नशीब आमचं. आमच्यावर गेली असती तर हुंड्यात माग द्यावे लागले असते."

मामा हसले नाहीत. ते बराच वेळ बाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सन्मती, थोडं सोडशील का?"

"एक पैसा नाही."

"समोरच्याकडं नाहीत रे."

"नव्हते तर विकले कशाला? वर्षभर दर आठवड्याला माझे पैसे त्यानं खाल्ले की. बाजार वर होता तेव्हा आला होता का कधी, की बाबा घे, तुझं नुकसान झालं, चहाला ठेव?"

"मामा," मी विचारलं, "विकणाऱ्याकडून अनामत घेतली होती तुम्ही?"

"आमच्यात अनामत नसते, पोरी. आमच्यात माणूस बघून सौदा लावतो."

"माणसाचं काय बघता?"

"नातं बघतो." त्यांनी पंच्याने मान पुसली. "ज्याला पळून जाता येणार नाही असाच माणूस समोर लावतो. तुमच्या मुंबईवाल्यांना जे पैसे घेऊन जमतं ते मी बिनपैशाचं करतो."

मला वाटलं, ते त्यांच्या स्वतःच्या नात्यातल्या कुणाबद्दल बोलतायत. भाचा असेल, जावई असेल.

"मग तर सोपं आहे," सन्मती म्हणाला. "नाव सांगा. मी त्याच्या दारात जाऊन बसतो."

"तू त्याच्या दारात बसलास तर तुला चहा मिळेल," मामा म्हणाले.

"चेष्टा नको मामा. उद्यापर्यंत. काहीतरी असेलच की त्याच्याकडं. बायको असेल ना? मग तिच्या अंगावर काहीतरी असेल. ते विकायचं म्हणावं."

"सन्मती," मी म्हटलं.

"काय सन्मती? तुझ्याच घराचं बोलतोय मी."

बाळ रडायला लागलं. मामा उठून आमच्याबरोबर रिक्षापर्यंत आले. उन्हात डोळे बारीक करून म्हणाले, "आज मी त्याला बोलावतो. सगळं सांगतो उघड करून. मिटेल बघ, चांगल्यानं मिटेल." त्यांच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. एखाद्याला बरेच दिवस अडलेली गोष्ट सुचावी, तसं.

संध्याकाळी अभय लवकर आला. आंघोळ केली, केसातली तूस निघेपर्यंत डोकं चोळलं. त्या दिवशी तो जेवला, मागून घेऊन जेवला. मी आमटी वाढत होते तेव्हा म्हणाला, "सन्मती ते हक्कसोडीचं अजून मनाला लावून बसलाय का?"

"हो. वेडा आहे."

"वेडा नाही," तो म्हणाला. "चांगला आहे. बहिणीचं कोण एवढं बघतं."

मग ताट बाजूला सारून त्याने बाळाला घेतलं आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला. मी भांडी घासत होते, नळ चालू होता. ते काय होतं ते मला ऐकू आलं नाही.

सकाळी तो नेहमीच्या वेळेला गेला, पण डबा मागून घेऊन. दुपारी जेवायला आला नाही. डबा नेलाय म्हणून मीही वाट बघितली नाही. दिवेलागणीला शेडातून फोन आला की अभय आज आलाच नाही, तब्येत बरी आहे ना.

सन्मतीने रात्रभर गाव पालथं घातलं असेल. मला त्याने काही सांगितलं नाही, फक्त मध्येमध्ये फोन करून "आला का?" एवढंच विचारायचा. अभयला मागेपुढे कोणी नव्हतं. आत्या होती एक शेडबाळला, म्हातारी, तिच्याकडेही गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी सन्मती अभयची मोटरसायकल चालवत आला. हातकणंगले स्टेशनच्या स्टँडवर होती. किल्ली स्टँडवाल्याकडे ठेवली होती.

तो दारात उभा राहिला. या वेळी चपला काढल्या होत्या.

"आक्का, स्टँडवाला म्हणतो, गाडीवाला सांगून गेलाय की माझा मेव्हणा येईल, त्याला द्या. गाडी आता त्याचीच आहे." किल्ली त्याच्या तळहातावर होती. "माझी कशी? दाजी असं का म्हणाले?"

मलाही कळेना. बाईशी भानगड, शेडात भांडण, आजार, माणूस घरातून जातो त्याची जी जी कारणं आम्हाला माहीत होती ती आम्ही मनातल्या मनात लावून बघत होतो आणि एकही अभयला बसत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भूपालमामा होते. एवढ्या जिन्यानेच त्यांना धाप लागली होती. ते आत आले नाहीत, उंबऱ्याच्या बाहेरच भिंतीला धरून खाली बसले.

"मला वाटलं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडेल," ते म्हणाले.

"काय ऐकून?"

"रविवारी मी त्याला सांगितलं. म्हटलं अभय, लेका, घाबरतोस कशाला? समोर परका नाही. समोर सन्मती आहे, तुझा मेव्हणा. घरातल्या घरात बसा आणि मिटवा."

सन्मतीच्या हातातली किल्ली तशीच होती.

"तुझे पुट त्यानेच विकलेले रे. वर्षभर तोच विकत होता, तूच घेत होतास. मी मुद्दाम लावलं होतं तुमचं. मी कायम असंच लावतो. काका-पुतणे, साडू-साडू, भागीदार-भागीदार. परका परक्याला बुडवतो, घरचा घरच्याला बुडवत नाही. म्हणून तर माझ्याकडं आजवर एक रुपया बुडाला नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा भाऊ दर आठवड्याला घालायचा ते तुझ्याच घरात यायचं. मला वाटायचं, बरंच आहे की. बाहेर कुठं जातंय."

डिंक. खारीक. दवाखाना.

मला आठवलं, मी नोकरीवर असताना एकदा अभयने सहज विचारलं होतं, ते पुट विकायचे तर किती पैसे ठेवावे लागतात तुमच्याकडे. मी आकडा सांगितल्यावर तो हसून म्हणाला होता, एवढे असते तर विकायला कशाला गेलो असतो. आमच्या ऑफिसच्या दारात त्याला कोणी उभं केलं नसतं. आणि चुकून आत गेलाच असता तर पहिल्याच पडझडीच्या सकाळी कोणीतरी मुलगी फोन करून त्याचा सौदा तोडून मोकळी झाली असती. तो तिला शिव्या देत घरी येऊन जेवला असता. परका माणूस समोर असता तरी त्याने हातापाया पडून, हप्ते पाडून, वेळ मारून नेली असती. शेडात दोनदा पगार थकला तेव्हा किराणेवाल्याला त्याने तसंच सांभाळलं होतं. पण सन्मतीला तो काय सांगणार होता? की तू बहिणीला जे घर घेऊन देणार आहेस ते मी देणं लागतो?

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. 'बरं' म्हणाला. चहा पूर्ण प्यायला आणि गेला."

सन्मती एकदम मामांसमोर उकिडवा बसला. मला वाटलं मारतोय आता. पण त्याने फार हळू आवाजात विचारलं, "मी जे म्हणालो होतो रविवारी. बायकोच्या अंगावरचं विकायचं म्हणावं. ते सांगितलं काय त्याला?"

मामांनी खिशातला वाजणारा फोन बंद केला.

"मामा, सांगितलं काय?"

"निरोप द्यायचा हेच माझं काम रे," मामा म्हणाले.

ते उठले. दोन पायऱ्या उतरून थांबले. जाता जाता मला धीर द्यावा असं त्यांना वाटलं असेल, दुसरं काही कारण मला आजही सुचत नाही. म्हणाले, "माझ्याकडनं आता कुणाचं काही नाही, पोरी. सन्मतीचं येणं आणि अभयचं देणं, दोन्ही एकाच घरचं. आपोआप फिटलं. कुणाचा एक पैसा गेला नाही."

हे खरं होतं. आमच्यातला कोणीच एका पैशानेही गरीब झाला नव्हता.

अभय अजून आलेला नाही. मुलगी आता शाळेत जाते. आईवडिलांचं नाव लिहायच्या जागी मी त्याचं नाव लिहिते आणि त्याआधी 'कै.' वगैरे काहीच जोडत नाही. हरवलेला माणूस मेला असं कायद्याने म्हणायलाही सात वर्षं जावी लागतात, ती अजून झालेली नाहीत. ती होऊ नयेत असं मला वाटतं आणि लवकर व्हावीत असंही वाटतं. हे मी कुणाजवळ बोलत नाही. मुलीचा चेहरा दिवसेंदिवस त्याच्यासारखा होत चाललाय.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. मामा गेल्यावर पोलीस चौकीतून निरोप आला की फोटो घेऊन या, तक्रार बायकोनेच द्यायला हवी. मी लग्नातल्या फोटोंमधून त्याचा एकट्याचा एक शोधला. एकट्याचा एकच होता, त्यातही त्याच्या खांद्यावर माझा हात आला होता. बाळ नुकतंच पिऊन जागं झालेलं, हात उडवत होतं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि सव्वा महिन्याच्या लेकराला चौकीत न्यायचं माझ्याने होईना.

सन्मती अजून उंबऱ्याशीच बसला होता. मी तिला दुपट्यात गुंडाळलं आणि त्याच्यापाशी गेले.

"घे हिला."

त्याने हात मागे घेतले. दोन्ही हात पाठीमागे नेऊन त्याने भिंतीला टेकवले.

"माझ्याकडं देऊ नको, आक्का."

"मग कुणाकडं देऊ?"

त्याने खोलीतून नजर फिरवली, मोरीपर्यंत, खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत. आमच्या दोघांच्या मध्ये कोणीही नव्हतं. खालून सायझिंगची धग येत होती. मग त्याने एक हात पुढे केला, मग दुसरा.

मी तिला त्याच्या हातात ठेवलं.

"मानेखाली हात धर," मी म्हटलं. "तिने अजून मान धरलेली नाही."